बदली कोच

मार्च लागला की या घरातला टीव्ही बंद होत नाही. इथे अर्विंगला, अमेरिकेच्या गरम भागात, मार्च म्हणजे दारं उघडी टाकून बसायचे दिवस, स्वेटर केव्हाच पेटीत गेलेले असतात. नात सोफ्यावर मांडी घालून बसते आणि मांडीवर मोठा कागद पसरते. त्याच्यावर नुसत्या रेघा आणि रिकाम्या जागा. बास्केटबॉलमध्ये कोणतं कॉलेज कोणाला हरवणार ते त्यात भरायचं असतं. "आजी, पिक वन," म्हणते. मी म्हणते, मला काय समजतं बाई त्यातलं. खोटं बोलते मी. कोणता पोट्टा दमला, कोणाचा गुडघा दुखून राहिला, कोणता कोच ओरडून ओरडून आपली भीती लपवतो, सगळं समजतं मला. पण मी पिक करत नाही.

परवा मी तिथेच बसून गवारीच्या शेंगा मोडत होते. टीव्हीवर एक कोच दिसला, टाय सैल केलेला, कपाळावर घाम. आणि तो बोलणारा माणूस म्हणाला, इंटरिम. माझा हात थांबला.

"माया," मी पोरीला विचारलं, "हा काऊन इंटरिम आहे?"

"मोठ्या कोचला जानेवारीत काढलं, आई. हा टेम्पररी आहे."

"त्यानं अर्ज केला का?"

मायानं टीव्हीचा आवाज कमी केला. "आई, नको ना आता ते."

बरं, म्हटलं. शेंगा मोडत राहिले.

त्या गोष्टीला चाळीस वर्षं होत आली. मायाचे बाबा जाऊन सहा वर्षं झाली. तरी मार्च आला की माझ्या नाकात त्या जिमचा वास येतो. लाकडी फरशीच्या पॉलिशचा, मक्याच्या लाह्यांचा आणि बर्फातून आलेल्या माणसांच्या ओल्या लोकरी कोटांचा. भिजलेल्या घोंगडीसारखा वास असतो तो. त्यात बुटांचा करकर आवाज. पहिल्या पहिल्यांदा माझे दात शिवशिवायचे त्या आवाजानं. मग अशी सवय झाली की मे महिन्यात जिम बंद झाली की घर सुनं वाटायचं.

मिशिगनमधलं लहान गाव होतं, ॲन आर्बरहून गाडीनं दोन तास. एक कॉलेज, एक चर्च आणि एक लोणच्याचा कारखाना. लोणचं म्हणजे आपलं नाही, मिठाच्या पाण्यातली काकडी. मायाचे बाबा कॉलेजात बास्केटबॉलचे असिस्टंट कोच होते. पगार दहा महिन्यांचा. जून-जुलै कोरडे. ते दोन महिने ते पोरांच्या होस्टेलच्या खोल्या रंगवायचे आणि मी कारखान्यात पट्ट्यावरच्या वाकड्या काकड्या वेगळ्या करायची. मी चौथी शिकलेली. वाकडी काकडी ओळखायला चौथी पुरते.

आणि दर एप्रिलला एक पाकीट यायचं. आत एकच कागद, पुढच्या एका वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट. एका वर्षाचंच. ते पाकीट येईपर्यंत आम्ही नवी खुर्चीसुद्धा घेत नव्हतो. माया शाळेत कोणाशी मैत्री करायची तर मला वाटायचं, जरा कमी कर बाई.

तेव्हा महिन्यातून एकदा आम्ही शहराकडे मराठी लोकांच्या जेवणाला जायचो. सगळे इंजिनिअर आणि डॉक्टर. एक काकू होत्या, दर वेळी नव्यानं विचारायच्या.

"मिस्टर काय करतात तुमचे?"

"बास्केटबॉल शिकवतात, कॉलेजात."

"हो, ते झालं. पण जॉब?"

"तोच जॉब आहे, काकू."

"अगं बाई. त्याचा पगार देतात?"

हे ऐकून मायाचे बाबा हसायचे. गाडीत बसल्यावर म्हणायचे, "चुकीचं काय विचारलं तिनं? मलाही कधी कधी प्रश्न पडतो." पण त्या जेवणांना जाणं आम्ही हळूहळू सोडलं. आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न बदलायचा, त्याचाही कंटाळा आला होता.

आडनाव मेश्राम. पोट्टे म्हणायचे कोच मेश. मी मिसेस मेश. एकदा एका उंच पोट्ट्यानं मला समजावलं की मेश म्हणजे जाळी, बास्केटला असते ती. म्हणाला, तुमच्या नावातच स्कोअर आहे. मला ते आवडलं होतं.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी कॉलेजचं कपडे धुवायचं मशीन मोडलं, आणि टीमचे कपडे धुणं असिस्टंट कोचच्या माथी होतं. म्हणजे माझ्या. आमच्या तळघरात दोरी बांधली होती. त्यावर मी शर्ट वाळत टाकायची. एकेक शर्ट माझ्या गुडघ्यापर्यंत यायचा. वरून बल्ब लावला की वाटायचं, बिनडोक्याची बारा उंच माणसं आपली वाट बघत उभी आहेत. आकडे निघून यायचे, ते मी सुईनं टाचायची. कोणता कितव्या नंबरचा आणि कोणाला किती घाम येतो, मला पाठ होतं. कारखान्यातल्या बाया म्हणायच्या, तुला याचे पैसे देतात का. मी म्हणायची, घरचंच आहे.

घरचंच वाटायचं खरं.

मायाचे बाबा नागपूरला मुरमाच्या मैदानावर बास्केटबॉल शिकले. सुरुवातीला अनवाणी. खेळावर रेल्वेत लागले. कायम नोकरी, पेन्शन, पास. सासऱ्यांनी तेव्हा अख्ख्या वस्तीला जेवण घातलं होतं. का, तर ते स्वतः गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे सकाळी गिरणीच्या गेटवर उभं राहायचं, कोणी आलं नाही तर त्याच्या जागेवर आत घेतात, नाही तर घरी. अकरा वर्षं ते गेटवर उभे राहिले. मुकादमाला कोंबडी नेऊन देणारे चार महिन्यांत आत जायचे. सासऱ्यांनी कोंबडी दिली नाही, हात जोडले नाहीत. एका सकाळी मुकादमच म्हणाला, उद्यापासून रोज ये, तुझं नाव चढलं. ही गोष्ट आमच्या घरी जेवताना, झोपताना, पाहुण्यांसमोर, हजार वेळा सांगून झाली होती. मागायचं नाही, उभं राहायचं. नाव चढतं.

तसली रेल्वेची नोकरी सोडून हे अमेरिकेला शिकायला निघाले, तेव्हा सासरे स्टेशनवर एवढंच बोलले, "कायम सोडते का कोणी?" गाडी हलली तेव्हा त्यांनी हात वर केला नाही. मला अजून दिसतो तो खाली लोंबकळणारा हात.

तर त्या हिवाळ्यात टीम सारखी हरत होती. जानेवारीत एका सकाळी मोठ्या कोचला काढलं. संध्याकाळी मायाचे बाबा घरी आले, बुटांचा बर्फ झटकत दारातच उभे राहिले.

"मला हेड कोच केलं," म्हणाले. "इंटरिम."

"म्हणजे?"

जरा विचार करून त्यांनी सांगितलं, "बदली."

तो शब्द त्यांनी वापरला नसता तर. दुसरा कोणताही शब्द वापरला असता, तात्पुरता म्हटलं असतं, तर मी सावध झाले असते. बदली म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे एकदम गिरणीचं गेट आलं आणि गेटाच्या आत गेलेले सासरे. मला वाटलं, झालं, आता नुसतं उभं राहायचं.

मी दूध पावडरचे पेढे केले. कॉलेजात वाटले, सेक्रेटरीला दिले, कारखान्यात दिले. डायरेक्टरच्या हातावर स्वतः ठेवला. हा खेळांच्या सगळ्या टीमचा साहेब. गोरा, मोठ्या पंजाचा माणूस. त्यानं विचारलं, "काय विशेष?" मी म्हटलं, "प्रमोशन." तो जरा थांबला आणि मग मोठ्यानं हसला. मला वाटलं, आनंदानं हसला. पगार काही वाढला नव्हता. बजेट वर्षाच्या सुरुवातीला ठरतं म्हणे.

सासऱ्यांना मीच पत्र लिहिलं. माझ्या चौथीच्या अक्षरात. हेड कोच झाले, असं लिहिलं. इंटरिम मराठीत कसं लिहायचं ते सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर लिहायचंही नव्हतं.

आणि टीम जिंकायला लागली. कशी ते मला नीट सांगता येणार नाही. मायाचे बाबा ओरडत नव्हते, एवढं माहीत आहे. ते पोट्ट्यांना आमच्या घरी बोलवायचे, मी डाळ-भात आणि कोंबडीचा रस्सा करायची, ते लांब लांब पाय पसरून जमिनीवर बसायचे. जेवताना हे वाट्या-चमचे मांडून दाखवायचे, तू इथून पळ, तू इकडे थांब. माझी मिठाची वाटी म्हणजे कायम आडवा येणारा माणूस असायचा. एक हरले, मग सलग सहा जिंकले. जिममध्ये लोक मावेनासे झाले. जे लोक दुकानात मला बघून न बघितल्यासारखं करायचे, ते "गुड जॉब, मिसेस मेश" म्हणायला लागले. मीच बास्केट टाकल्यासारखं. रेडिओवर डायरेक्टर म्हणाला की कोच मेशनं वंडरफुल काम केलं. मायानं ते टेप करून ठेवलं होतं.

तेव्हा आम्हाला एक समजत नव्हतं. हरणाऱ्या टीमचा कोच व्हायला कोणी येत नाही. ती जागा आमच्यासारख्याला मिळू शकत होती. टीम जिंकायला लागली तशी जागा मोठी झाली. दुसऱ्या राज्यांतले लोक तिच्याकडे बघायला लागले. ज्या हातांनी ती जागा वर उचलली तेच हात तिला पुरेनासे झाले. माणूस आपल्याच कामानं आपल्या पायाखालचं काढून घेतो आणि लोक टाळ्या वाजवतात, हे मी त्या जिममध्ये पाहिलं. मीही वाजवल्या.

फेब्रुवारीच्या शेवटी कॉलेजनं जाहिरात दिली. हेड कोच पाहिजे, चार वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, बाराही महिन्यांचा पगार. मायाचे बाबा म्हणाले, "द्यावी लागते. नियम असतो." नागपूरला आम्ही तेच बघितलं होतं. जाहिरात येते, दहा लोकांना बोलवतात, चहा पाजतात आणि आधीच ठरलेल्या माणसाला घेतात. नावाला इंटरव्ह्यू. आम्हाला वाटलं, तो ठरलेला माणूस या वेळी आपण आहोत. जन्मात एकदा.

मग सेक्रेटरीचा फोन आला. डॉरथी नाव तिचं, म्हातारी, माझ्या पेढ्यांवर जीव होता. सावकाश बोलायची माझ्याशी. "टेल हिम, हनी," म्हणाली. "फ्रायडे इज द लास्ट डे. टेल हिम टू पुट हिज नेम इन." दोनदा म्हणाली. मला समजलं. मी निरोप नीट दिला, त्यात माझी चूक नाही.

चूक पुढे आहे. त्या रात्री जेवण झाल्यावर त्यांनी बॅगेतून फॉर्म काढला. टेबलावर ठेवला. पेनाचं टोपण काढलं. नाव लिहिलं, पत्ता लिहिला आणि थांबले.

"मायाची आई," म्हणाले, "भरू का हा?"

"कशाचा आहे?"

"हेड कोचच्या जागेचा."

"त्या खुर्चीवर आता कोण बसते?"

"मीच."

"मग? आपल्याच खुर्चीसाठी हात पसरता? तुमच्या वडिलांनी केला होता का अर्ज?"

ते हसले. "त्यांना लिहिता कुठे येत होतं?"

"येत असतं तरी केला नसता. अकरा वर्षं उभे राहिले ते. तुम्हाला सहा हप्ते निघत नाहीत?"

"डॉरथी म्हणते भरा."

"डॉरथी चांगली बाई आहे. पण ती सेक्रेटरी आहे. साहेबानं सांगितलं का?"

"साहेब काही बोलला नाही."

"बघा. बोलायची गरज असती तर बोलला असता. तुम्ही फॉर्म दिला तर त्याला वाटेल, याला आपल्यावर भरवसा नाही."

त्यांनी कागदावर फुंकर मारून शाई वाळवली. मग टोपण लावलं. "हे पण खरं आहे," म्हणाले. फॉर्म फ्रिजवर ठेवला, बिलांच्या खाली. मी भांडी घासायला उठले. मला बरं वाटलं होतं, हे मी लपवत नाही. वाटलं होतं, आपण ताठ राहिलो.

मार्चमध्ये तीन माणसं इंटरव्ह्यूला आली. विमानतळावर त्यांना आणायला कोणाला पाठवलं असेल? मायाच्या बाबांना. असिस्टंटचं काम ते. फॉर्म आला नाही म्हणजे याला जागा नको, मग यालाच पाठवा, असा त्यांचा साधा हिशेब. आणि आम्हाला वाटलं, नावापुरत्या पाहुण्यांना आणायला घरच्या माणसाला पाठवलं. मी थर्मासमध्ये चहा भरून द्यायची, आलं घालून.

तिसरा माणूस बत्तीस-तेहतीसचा होता. त्यानं गाडीत विचारलं, "इथे कॉन्ट्रॅक्ट किती वर्षांचं देतात?"

"मला दर वर्षी एकेक वर्षाचं मिळालं," हे म्हणाले.

तो म्हणाला, "मी चारच्या खाली सही करत नाही." आणि म्हणाला की चहा फार छान आहे, तुमच्या मिसेसना सांगा.

घरी येऊन यांनी मला ते सांगितलं. आम्ही दोघं हसलो. बिचारा, म्हटलं मी, एवढ्या लांबून आला.

त्यानंतर आठवड्यानं डायरेक्टरनं त्यांना ऑफिसात बोलावलं. घरी आले तेव्हा चार वाजले होते, अंगणातला बर्फ काळा पडून वितळत होता, पन्हळीतून टपटप पाणी. त्यांनी कोट काढला नाही. संत्रं घेतलं आणि सोलत बसले. पूर्ण सोललं, एकेक शीर काढली, पण खाल्लं नाही.

"त्या तिसऱ्याला घेतलं," म्हणाले.

माझं लक्ष फ्रिजवरच्या बिलांकडे गेलं.

"साहेब म्हणाला, आम्हाला वाटलं तुम्हाला इंटरेस्ट नाही. तुमचा कागदच नव्हता गठ्ठ्यात."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? थँक यू म्हटलं."

एप्रिलला पाकीट आलं. नवा कोच आपले असिस्टंट सोबत आणणार होता. यांचं काम मेअखेरपर्यंत. मी सगळे शर्ट धुऊन, आकडे टाचून, घड्या घालून खोक्यात दिले. डॉरथी रडली. डायरेक्टरनं हात मिळवला आणि म्हणाला, कुठेही अर्ज करा, मी चांगलं पत्र देईन.

त्यांनी केले. उन्हाळाभर केले. काकडीच्या पट्ट्यावरून आल्यावर मी पाकिटं चिकटवायची. पण आता एक नवीन अडचण होती. आधी ते नुसते असिस्टंट होते, कोणी काही विचारत नव्हतं. आता कागदावर हेड कोच लिहिलेलं, दीड-दोन महिन्यांचं. लोक विचारायचे, जिंकत होता तर त्यांनी ठेवलं का नाही? याला उत्तर काय द्यायचं? मी नाव दिलं नव्हतं, म्हटलं तर वेडे ठरतो. त्यांना मी नको होतो, म्हटलं तर पुढचाही विचार करतो, का नको होता.

कॉलेजात पुन्हा काही मिळालं नाही. आम्ही शहराजवळ गेलो. ते एका शाळेत लहान पोरांना उड्या मारायला शिकवायचे आणि सकाळ-संध्याकाळ शाळेची बस चालवायचे. तिथे कायम झाले. बॉल हातात घ्यायचे, पोरांना द्यायचे. स्वतः कधी टाकला नाही.

सासऱ्यांना आम्ही खरं कळवलं नाही. त्यांनी माझं पत्र वस्तीत सगळ्यांना वाचून दाखवायला लावलं होतं. पुढची दोन वर्षं पत्र यायचं, दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलेलं, शेवटी एकच ओळ, कायम झाला का? मी लिहायची, हाव, झाले. ते त्याच समजुतीत गेले.

मायाच्या बाबांनी मला कधी दोष दिला नाही. भांडणात नाही, आजारपणात नाही. एकदा तरी म्हणाले असते, तुझं ऐकलं म्हणून, तर मी उलट भांडले असते. म्हटलं असतं, तुम्ही एम. ए. झालेले, मी चौथी, माझं काऊन ऐकलं? हे वाक्य माझ्याकडे तयार होतं. पण त्यांनी ते म्हणायची वेळच आणली नाही. त्यांच्या चांगुलपणाचा मला कधी कधी राग येतो. माणसानं इतकंही गप्प राहू नये.

परवा मॅच संपल्यावर नात झोपायला गेली. माया माझ्याजवळ येऊन बसली, शेंगांचं ताट बाजूला सरकवलं.

"आई, तू चाळीस वर्षं तेच धरून बसलीस. त्यांनी बाबांना घेतलंच नसतं. एटीजमध्ये, त्या गावात, मेश्राम नावाच्या माणसाला हेड कोच? चार वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट? फॉर्म भरला असता तरी नाही म्हणाले असते."

माया शिकलेली आहे. या देशात वाढलेली आहे. ती म्हणते ते खरंच असेल. तिनं हे मला बरं वाटावं म्हणून सांगितलं, हेही मला समजतं.

मी तिला म्हटलं, "असेल. पण मग त्या कॉलेजवाल्यांना नाही म्हणावं लागलं असतं. तोंडानं. तुझ्या बाबांकडे बघून. तेवढे कष्टसुद्धा मी त्या लोकांना पडू दिले नाहीत."